काळ्या मातीतली इगर्ज

मित्रांनो, बडनेऱ्याहून अकोल्याकडे जाणाऱ्या गाडीत बसलात, तर स्टेशन मागे पडताच रुळांच्या कडेला एक बुटकी, कौलारू इमारत दिसते. पलीकडे कपाशीचं शेत आहे. प्रवाशांना ते रेल्वेचं जुनं गोदाम वाटतं. नीट पाहिलंत तर तिच्या माथ्यावर क्रूस दिसेल. तीच मी. मी एक जुनी इगर्ज आहे.

इगर्ज म्हणजे चर्च. हा शब्द वऱ्हाडातला नाही. गोव्याच्या माणसांनी तो इथं आणला, आणि त्यांनीच मला बांधलं. तेव्हा गोव्यावर पोर्तुगीजांचं राज्य होतं, म्हणजे गोवा हा वेगळाच देश होता. परक्या शहरात एका देशाच्या लोकांनी आपल्या भाषेत प्रार्थना करता यावी म्हणून बांधलेली चर्चं जगात पुष्कळ आहेत. रोममध्ये तर एकेका देशाचं एकेक आहे, आणि त्यांचे घुमट सोन्याचे आहेत, असं एका पाहुण्या पाद्रींनी माझ्याच वेदीपुढे उभं राहून सांगितलं होतं. माझ्यावर मंगळुरी कौलं आहेत. पण त्या घुमटवाल्या चर्चांची आणि माझी जात एकच.

मला बांधलं का, ती गोष्ट आधी सांगते. ती मी पाहिलेली नाही. कायतान बार्रेटो माझ्या पायरीवर बसून नव्या माणसाला ती सांगायचा, तेव्हा मी ऐकलेली आहे.

कायतान मालगाडीवर गार्ड होता. बडनेऱ्याला तेव्हा गोव्याची बरीच घरं होती. कोणी ड्रायव्हर, कोणी फिटर, कोणी साहेबाचा खानसामा. कायताननं आपल्या म्हाताऱ्या आईलाही गोव्याहून इथं आणलं होतं. एका उन्हाळ्यात ती आजारी पडली आणि वाचायची चिन्हं दिसेनात. मरणाआधी आपल्या चुका पाद्रींजवळ बोलून मन मोकळं करायचं, अशी आमच्यात रीत आहे. ते बोलणं दुसऱ्या कोणी ऐकायचं नसतं, पोटच्या मुलानंसुद्धा नाही. कायताननं टांगा पाठवून अमरावतीहून पाद्रींना आणलं. ते दूरच्या देशातले होते, स्वभावानं फार मायाळू. त्यांना इंग्रजी येत होतं, मोडकंतोडकं मराठी येत होतं. कोंकणीचा एक शब्द येत नव्हता.

म्हातारी म्हणाली, "पुता, तूं भायर वच." मुला, तू बाहेर जा.

कायतान बाहेर गेला. आत आई बराच वेळ बोलत होती. पाद्रींनी सगळं ऐकून घेतलं, तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि क्षमेची प्रार्थना म्हटली. ते गेल्यावर म्हातारीनं मुलाला जवळ बोलावून विचारलं, "ताका समजलें?" त्याला समजलं का?

कायतान म्हणाला, "हय आवय, समजलें." हो आई, समजलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती गेली. कायतान सांगायचा, "ती हसत गेली आणि मी खोटं बोललो. त्या दिवशी ठरवलं, इथं आपल्या भाषेची इगर्ज व्हायला पाहिजे."

जागा दिली खुशालरावांनी. रुळांलगतचं हे काळं शेत त्यांचंच होतं. कायतान दोन-चार मित्रांना घेऊन त्यांच्याकडे गेला आणि चाचरत विषय काढला. खुशालराव बैलांना वैरण टाकत होते. काम न थांबवता त्यांनी विचारलं, "तुमच्या देवाले किती जागा लागन?"

"थोडीच, पाटील. कोपऱ्यातली."

"मंग घ्या ना कोपरा. देव कोन्ताबी असो, त्याले बसाले जागा लागतेच. अन् अर्धं वावर तं तसंबी तुमच्या गाड्याच्या धुरानं काळं झालं!"

पाया खणायला रेल्वेतले फिटरच उतरले. काळी माती उन्हाळ्यात फाटते आणि पावसाळ्यात फुगते, म्हणून खाली मुरूम लागेपर्यंत त्यांनी खोदलं. विटा गावातल्या भट्टीच्या होत्या. कौलं मालगाडीतून समुद्राकडून आली. ती माझ्यावर चढली तेव्हा त्यांना एक खारट वास होता. पहिल्याच पावसाळ्यात तो धुऊन गेला. पण त्या वासाच्या मुलखात आपलं काहीतरी राहून गेलं आहे, असं मला तेव्हापासून वाटत आलं. मी समुद्र कधी पाहिलेला नाही.

घंटेऐवजी रुळाचा एक तुकडा टांगला आणि त्यावर हातोडी मारायची असं ठरलं. स्टेशनातही तेव्हा तसाच तुकडा वाजवायचे. पहिल्या रविवारी माझी घंटा वाजली तेव्हा फाटकाजवळचे उतारू गाठोडी उचलून प्लॅटफॉर्मकडे धावले. "पॅशिंजर आली, पॅशिंजर आली!" कायतान हसून हसून लाल झाला होता.

माझं नाव ठेवलं सांत आना. ही मरियेची आई, म्हणजे येशूची आजी. गोव्यात तिच्या फेस्ताला, म्हणजे उत्सवाला, काकड्या वाहतात. मूल व्हावं म्हणून बायका तिच्यापुढे काकडी ठेवतात. आता बडनेऱ्यात इतक्या काकड्या आणायच्या कुठून? कायतानची बायको पियेदाद बाजारात शोधत फिरली. तिथं तिला दुर्गाबाई भेटल्या. दुर्गाबाई भातकुलीच्या. विहिरीच्या पाण्यावर फुलं आणि भाजीपाला करायच्या आणि डोक्यावर टोपली घेऊन बडनेऱ्याला विकायला यायच्या.

दुर्गाबाई टोपली घेऊन माझ्या दारात आल्या आणि त्यांनी विचारलं, "बाई, येवढ्या काकड्या काहून लागते तुमाले? दुसरी भाजी भेटत नाही काय?"

पियेदादला वऱ्हाडी समजत नव्हतं. ती म्हणाली, "खावंक न्हय गो, सांत आनाक." खायला नाही गं, सांत आनासाठी. मग तिनं वेदीवरच्या मूर्तीकडे बोट केलं, एक काकडी उचलली आणि बाळासारखी हातात घेऊन झुलवली.

दुर्गाबाईंना ती खूण समजली आणि त्यांनी टोपली खाली ठेवली. त्यांच्या लग्नाला बरीच वर्षं झाली होती आणि मांडी रिकामीच होती. त्यांनी आपल्याच टोपलीतली एक कोवळी काकडी निवडली, पदरानं पुसली, चपला बाहेर काढल्या आणि आत येऊन मूर्तीपुढे ठेवली. हात जोडून त्या म्हणाल्या, "माय, तूबी आईच हायेस ना? मंग तुले काय सांगू."

पुढच्या काही वर्षांत त्यांना मुलगा झाला. देवीदास. मी काही केलं नव्हतं, मित्रांनो. पण त्या सगळ्या बाजारात सांगत सुटल्या, "आनाबाईनं देल्ला मले." तेव्हापासून वेदीवरची फुलं भातकुलीहूनच येऊ लागली. हिवाळ्यात शेवंती, दसऱ्याला झेंडू, एरवी गुलछडी. फुलं ठेवून झाली की दुर्गाबाई आणि पियेदाद पायरीवर बसायच्या. एक कोंकणी बोलायची, दुसरी वऱ्हाडी. "म्हाका" म्हणजे "मले" आणि "तुका" म्हणजे "तुले", इतकं जमलं आणि तेवढ्यावर त्यांची दोस्ती उभी राहिली.

ते माझे भरलेले दिवस होते. रविवारी कोंकणी बोलणारे पाद्री येत आणि बाकांवर जागा उरत नसे. मुलं खिडकीत बसत. नाताळात नेवऱ्यांच्या, म्हणजे करंज्यांच्या, तळणीचा वास क्वार्टरांमधून माझ्यापर्यंत यायचा. व्हायोलिन वाजवणारा एक फिटर होता, त्याच्या बोटांना सदा तेलाचा वास असे. आणि प्रार्थना संपली तरी माणसं उठत नसत. कोणी म्हणायचं, आता आमच्याकडे नदीला पूर आला असेल. कोणी म्हणायचं, आता फणस पिकले असतील. वऱ्हाडच्या उन्हात बसून ती माणसं गोव्याचा पाऊस आठवत राहायची. त्यांची ती हुरहुर माझ्या भिंतींत चुन्यासारखी मुरली.

मग गोव्याची सीमा बंद झाली. दोन सरकारांचं भांडण होतं. गोव्याला जाणारी गाडी बंद, येणंजाणं बंद. त्याच वर्षांत पियेदादचे वडील तिकडे वारले. बातमी इथं पोचेपर्यंत महिना उलटून गेला होता. ज्याचं तोंड पाहता आलं नाही, ज्याच्या मातीला जाता आलं नाही, त्याच्यासाठी रडायचं कुठं? पियेदाद माझ्याकडे आली. तिची लेक, लहानगी लुर्दीन, कडेवर होती. ती पुढच्या बाकावर बसली, पण तिला रडू फुटेना.

दुर्गाबाई फुलं घेऊन आल्या. त्यांनी पियेदादचा चेहरा पाहिला, टोपली खाली ठेवली आणि शेजारी बसल्या. मग त्यांनी तिच्या पाठीवर हात ठेवला. "रड, बाई. तुही बोली मले समजत नाही, पन रडनं समजते."

तेव्हा पियेदाद रडली. माझ्या आयुष्यात मी पुष्कळ प्रार्थना ऐकल्या. त्या दुपारची मला सगळ्यांत जवळची वाटते, आणि तिच्यात देवाचं नावसुद्धा नव्हतं.

पुढं गोवा भारतात आला, सीमा उघडली, आणि माझी माणसं हळूहळू जायला लागली. निवृत्त झालेले गावी घरं बांधायला गेले. मुलं मुंबईला गेली, आखातात गेली. वाफेची इंजिनं गेली तसे त्यांच्यावरचे हातही गेले. व्हायोलिनवाला फिटर गेला त्या रविवारी गाणं बिनसुराचं झालं. जाणारा प्रत्येक जण निरोप घ्यायला येई, गुडघे टेकी आणि म्हणे, "सांत आना, परत येईन." मी वाट पाहत राहिले. इमारतीला दुसरं काय करता येतं?

कायतान आणि पियेदाद गेले नाहीत. दोघंही इथल्याच मातीत आहेत. दुर्गाबाईंनी त्यांच्यावर शेवंतीची फुलं वाहिली, आणि पुढं त्याही गेल्या. मागे राहिली लुर्दीन. ती रेल्वेच्या शाळेत शिकवायची. सगळं बडनेरा तिला लुर्दीनबाई म्हणतं. तिनं लग्न केलं नाही. घरात कोंकणी, बाजारात वऱ्हाडी आणि शाळेत मराठी बोलत तिची वर्षं गेली. आता तिचे केस पांढरे झाले आहेत. पाद्री महिन्यातून एकदा यायचे, मग वर्षातून एकदा, मग कोणीच नाही. लुर्दीन मात्र दर रविवारी संध्याकाळी येऊन एकटीच कोंकणीतून प्रार्थना म्हणायची. पाद्रींनी म्हणायची ओळ तीच म्हणे, आणि लोकांनी द्यायचं उत्तरही तीच देई. माझ्यात कबुतरं राहायला आली होती. ती तेवढी ऐकायची.

फुलं मात्र थांबली नव्हती. आता ती शकुन आणायची. शकुन म्हणजे देवीदासची बायको, दुर्गाबाईंची सून.

एका उन्हाळ्यात शहरातले फादर आले. वर पाहून त्यांनी मान हलवली. "बाई, हे छप्पर कधीही खाली येईल. माणसंच नाहीत, तर दुरुस्ती कुणासाठी करायची? एक ऐका. रेल्वेच्या नव्या लाइनीवर छत्तीसगडातल्या जशपूरकडचे उराँव आदिवासी कामाला आले आहेत. आपल्याच धर्माचे आहेत. त्यांना त्यांच्या कुडुख भाषेत प्रार्थना करायला जागा हवी आहे. त्यांना ही वापरू द्या. ते हिची काळजी घेतील."

लुर्दीन वेदीपुढे जाऊन उभी राहिली. "फादर, ही इगर्ज आमच्या आवयच्या भाषेसाठी बांधली. मी आहे तोवर इथं दुसरं गाणं नको."

"पण तुमचं ऐकायला येतं कोण?"

ती वेदीवरची फुलं नीट लावू लागली. फादर जाताना हळूच म्हणाले, "मग दिवाळीनंतर ही उतरवून घ्यावी लागेल, बाई. भिंत कुणाच्या अंगावर पडली तर?"

त्याच उन्हाळ्यात लुर्दीनचा भाचा गोव्याहून आला. मावशी, एकटी किती दिवस राहणार, चल आता आपल्या घरी, असं म्हणत त्यानं तिचं सामान बांधलं. जायच्या दिवशी ती माझ्या प्रत्येक बाकावरून हात फिरवत गेली. किल्ली तिनं शकुनजवळ दिली. "कोनाले उघडून देजो नको," एवढंच ती म्हणाली. शेवटचं माणूसही समुद्राकडे गेलं. मला तिचा हेवा वाटला, आणि मग फार एकटं वाटलं.

पावसाळ्यात माझी कौलं घसरली. वेदीवर पाणी गळू लागलं. रविवारची संध्याकाळ आणि मंगळवारची दुपार यांत काही फरक उरला नाही.

आणि मग एका रविवारी माझ्या पायरीवर कोणीतरी येऊन बसलं. बायकांचे आवाज होते. त्यांनी दार ढकलून पाहिलं, कुलूप दिसलं, आणि तिथंच बसून त्या हलक्या आवाजात गाऊ लागल्या. ती भाषा मी कधी ऐकली नव्हती. पण तो सूर मला ओळखता आला. शेत मागे टाकून आलेल्या माणसाचा सूर होता तो. दुसऱ्या रविवारीही त्या आल्या. नंतरनंतर मी रविवार मोजू लागले.

एकदा शकुन फुलं घेऊन आली तेव्हा त्या तिथंच होत्या. त्यांतली एक, अलबिना एक्का, उठून उभी राहिली. "दीदी, चाबी आपके पास है क्या? थोड़ी देर अंदर बैठते."

शकुन अवघडली. "किल्ली हाय माह्याजोळ, पन बाईचा हुकूम नाही." मग हिंदीत म्हणाली, "मालकीन गोवा गई है।" तिनं फुलं बंद दाराच्या उंबऱ्यावर ठेवली आणि तीही त्या बायकांमध्ये बसली.

दसरा जवळ आला होता. झेंडू बाजारात यायला लागला होता. त्या रविवारी शकुन आणि उराँव बायका पायरीवर बसल्या होत्या, आणि स्टेशनाकडून एक म्हातारी हातात पिशवी घेऊन पायवाटेनं येताना दिसली. चाल ओळखीची होती. शकुन धावलीच.

"माय माय! लुर्दीनबाई! अवो, काहून आल्या वापस? तब्येत तं बरी हाय ना?"

"पानी दे आधी," लुर्दीन म्हणाली आणि पायरीवर टेकली. बायका घाईनं उठून बाजूला झाल्या.

पाणी पिऊन झाल्यावर शकुननं पुन्हा विचारलं, "भाच्यानं काई म्हटलं काय?"

"नाही वं. लय जपलं त्यानं मले. पन करमलंच नाही. बाजारात गेली, कोंकनीत बोलली, तं मासेवाली इचारते, 'तूं खंयची गो?' कुठची तू? मी म्हटलं, इथचीच. तं हासल्या सगळ्या जनी. माह्या कोंकनीत म्हने वऱ्हाडी वास येते."

"अन् तुमच्या बाबाचं घर?"

"दुसऱ्याचं हाय आता. दाराशी उभी राह्यली तं त्या घरची बाई म्हने, काय पायजे?"

शकुननं तिला आणखी पाणी दिलं. मग तिनं विचारलं, "समुद्र पाह्यला?"

मी कान टवकारले, मित्रांनो. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी तिथून परत आलं होतं.

"पाह्यला," लुर्दीन म्हणाली. "रोज जाऊन बसे. लय मोठा हाय. पन काय सांगू शकुन, इथं होती तं समुद्राची आठवन काढे. तिथं समुद्रासमोर बसली, तं बडनेऱ्याची गाडी कानात वाजे. त्या गावच्या इगर्जीत सारं पाठ होतं मले. पन बाजूच्या बाकावर ओळखीचं कोनीच नव्हतं." ती थांबली. मग तिनं बाजूला उभ्या असलेल्या बायकांकडे पाहिलं. "ह्या कोन व्हय?"

"फादर म्हनत होते ना, जशपूरच्या, त्याच. दर रविवारी येतात. कुलूप पाहून इथंच गातात अन् जातात."

"पावसात बी?"

"पावसात बी."

लुर्दीननं पिशवी बाजूला ठेवली आणि ती उठली. तिच्या मनात काय चाललं होतं ते मला समजलं असं मी म्हणणार नाही. तिनं शकुनपुढे हात केला. शकुननं कमरेची किल्ली काढून दिली. कुलूप गंजलं होतं, ते निघेना. शेवटी अलबिनानं पुढे होऊन जोर लावला आणि माझं दार उघडलं. कबुतरं फडफडत वर गेली. आत फरशीवर पाण्याची तळी साचली होती. त्या बायकांनी कुणी सांगायची वाट पाहिली नाही. पदर खोचले आणि पाणी उपसायला लागल्या.

पुढच्या सुट्टीला त्यांचे नवरे आणि भाऊ आले. रूळ उचलणारी माणसं ती. दोन दिवसांत माझी कौलं पुन्हा चढली. फादरांनी येऊन पाहिलं आणि उतरवायची गोष्ट पुन्हा काढली नाही. दिवाळी झाली आणि त्यांच्याच मुलखातला एक तरुण पाद्री नागपूरहून आला. माझ्यात पहिल्यांदा कुडुख भाषेत प्रार्थना झाली. त्यांनी मांदर वाजवला. माझ्या भिंतींना व्हायोलिनची सवय, त्या ढोलानं आधी दचकल्या. मग घुमायला लागल्या.

लुर्दीन सर्वांत मागच्या बाकावर बसली होती. तिला एक अक्षर समजत नव्हतं. अलबिना शेजारी येऊन बसली. गाणं अर्ध्यावर आलं आणि अलबिनाला रडू आवरेना. तिनं पदर तोंडाशी धरला.

लुर्दीननं विचारलं, "क्या हुआ बेटी?"

"कुछ नहीं मैडम. घर की याद आ गई."

"आने दे," लुर्दीन म्हणाली आणि तिच्यासाठी बाकावर थोडी सरकली. "इसी के लिए तो ये जगह बनाई है।"

मित्रांनो, मला अजून कोंकणीची आठवण येते. फेस्ताच्या दिवशी काकड्यांचा वास आला की पियेदादचा आवाज कानाशी येतो आणि माझं मन भरून येतं. समुद्र मी पाहणार नाही, हेही आता मला ठाऊक आहे. नव्या गाण्यानं जुनं दुःख पुसलं जात नाही. ते त्याच्या शेजारी येऊन बसतं, एवढंच.

मला रंग द्या, असं मी तुम्हाला सांगणार नाही. तुमच्या वर्गात, तुमच्या गल्लीत दूरच्या मुलखाहून आलेलं कोणी असेल, तर त्याच्या बोलीला हसू नका. कधीतरी त्याच्याजवळ बसून त्याच्या गावाबद्दल विचारा. आणि एखादं जुनं, कुलूपबंद दार पाडायला निघालात, तर आधी एका रविवारी येऊन पाहा. पायरीवर कोणी बसलेलं असेल.